पीएमडीडी: आधी वही, मग औषध

टाकदऊत

पीएमएसच्या (पाळीआधीच्या त्रासाच्या) जुन्या धाग्यावर पीएमडीडीचे प्रश्न मधेच येतात आणि इतर प्रतिसादांत वाहून जातात, म्हणून हा वेगळा धागा काढते आहे. एकच विनंती: स्वतःचे अनुभव अनुभवांच्या धाग्यावर लिहा. इथे काय करायचं, कसं करायचं आणि कुठे फसतं, एवढंच ठेवू.

पीएमडीडी म्हणजे प्रीमेन्स्ट्रुअल डिस्फोरिक डिसऑर्डर. 'पीएमएस जरा जास्त' असा त्याचा अर्थ लावला जातो, पण निदानाचे निकष बरेच काटेकोर आहेत. गेल्या वर्षातल्या बहुतेक पाळ्यांच्या आधीच्या आठवड्यात किमान पाच लक्षणं हवीत. पाळी सुरू झाल्यावर काही दिवसांत ती ओसरायला लागली पाहिजेत आणि पाळीनंतरच्या आठवड्यात जवळजवळ नाहीशी झाली पाहिजेत. पाचांपैकी निदान एक लक्षण या चौघांतलं हवं: मनाची अचानक उलथापालथ, चिडचिड किंवा राग, खिन्नता किंवा निराशा, धास्ती किंवा ताण. बाकीची म्हणजे कशातच रस न वाटणं, लक्ष न लागणं, गळून जाणं, खाण्याची हाव, झोप उडणं किंवा उतू जाणं, सगळं हाताबाहेर गेल्यासारखं वाटणं, आणि स्तन दुखणं, पोट फुगणं, सांधे-स्नायू दुखणं अशी शारीरिक लक्षणं. यामुळे काम, शिक्षण किंवा नातेसंबंध अडायला हवेत. नुसतं पोट फुगलं आणि स्तन दुखले, तर त्रास खरा आहे, पण तो पीएमडीडी नाही.

डीएसएम या मानसिक आजारांच्या निदानपुस्तिकेत हा आजार १९८७ साली वेगळ्या नावाने परिशिष्टात आला आणि २०१३च्या पाचव्या आवृत्तीत नैराश्याच्या आजारांच्या मुख्य यादीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये तो जननसंस्थेच्या आजारांत आहे, शिवाय नैराश्याच्या आजारांतही त्याची नोंद आहे. म्हणूनच की काय, स्त्रीरोगतज्ज्ञ मानसोपचारतज्ज्ञाकडे बोट दाखवतात आणि मानसोपचारतज्ज्ञ स्त्रीरोगतज्ज्ञाकडे. या टोलवाटोलवीत हातात लिहिलेला कागद असला की गाडी पुढे सरकते.

तो कागद असा. रोज रात्री, झोपण्याआधी, त्या त्या दिवसाची नोंद. प्रत्येक लक्षणाला १ ते ६ गुण: १ म्हणजे अजिबात नाही, २ जेमतेम, ३ सौम्य, ४ मध्यम, ५ तीव्र, ६ टोकाचं. डीआरएसपी नावाचा तयार तक्ता आहे, त्यात २१ लक्षणं आणि कामकाज-छंद-नाती किती अडली याचे ३ प्रश्न असतात. तो मिळाला नाही तर आपली मुख्य सहा-सात लक्षणं घेऊन वहीत रकाने आखा. रक्तस्राव असलेल्या दिवसांवर खूण करा. हे सलग दोन चक्रं तरी करायचं. आठवून लिहिलेल्या माहितीवर निदान पक्कं होत नाही, तोवर ते तात्पुरतंच धरतात.

---

किनखाप

चांगला धागा. सुरुवातीलाच एक गैरसमज काढून टाकू, कारण तपासण्यांवरचा बराचसा खर्च त्यातूनच होतो: पीएमडीडीमध्ये 'हार्मोन्सचं संतुलन बिघडलेलं' नसतं. रक्तातलं इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन इतर कोणाहीइतकंच असतं. त्यामुळे ती पातळी मोजून ना निदान होतं, ना उपचार ठरतो.

फरक मेंदूच्या प्रतिसादात आहे. १९९८ साली अमेरिकेत झालेला प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. ल्युप्रोलाइड देऊन बीजकोशांचं चक्र बंद केलं, तेव्हा तीव्र पीएमएस असलेल्या बऱ्याच जणींची लक्षणं गेली. मग बाहेरून इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन दिलं, आणि लक्षणं परतली. ज्यांना मुळात त्रास नव्हता त्यांना तेच औषध, तीच मात्रा देऊनही काही झालं नाही. हार्मोन तेच, प्रतिसाद वेगळा.

प्रोजेस्टेरॉनपासून शरीरात ॲलोप्रेग्ननोलोन तयार होतं. ते मेंदूतल्या गाबा-ए रिसेप्टरवर काम करतं आणि एरवी मन शांत करतं. पीएमडीडीमध्ये त्याच्या चढउताराशी जुळवून घेणं फसतं, असं आजचं मुख्य मत आहे. याचा व्यवहारातला परिणाम: ओव्ह्युलेशन (बीजकोशातून बीज बाहेर पडणं) झालं नाही तर सहसा लक्षणंही येत नाहीत. गरोदरपणात आणि रजोनिवृत्तीनंतर ती थांबतात, रजोनिवृत्तीआधीच्या अनियमित वर्षांत मात्र वाढू शकतात.

तपासण्या करायच्याच तर थायरॉइडसाठी टीएसएच, थकवा असेल तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा). त्या पीएमडीडी शोधायला नव्हेत, दुसरं काही दडलेलं नाही ना हे बघायला.

---

अर्धविराम

दोन प्रश्न. मधले तीन-चार दिवस लिहायचे राहिले तर महिना फुकट जातो का? आणि पाळीची अ‍ॅप वापरली तर चालेल का? बहुतेक अ‍ॅपमध्ये मूडचं एकच चित्र टिचकवायचं असतं.

---

टाकदऊत

@अर्धविराम, दिवस कुठले राहिले त्यावर आहे. पाळीआधीचे ७ दिवस आणि पाळीचा चौथा ते दहावा दिवस, या दोन खिडक्यांवर हिशोब उभा असतो. त्या भरलेल्या असतील तर मधलं एखादं भोक चालतं. राहिलेले दिवस मागाहून अंदाजाने भरू नका, रिकामे सोडा. आठवडाभराचं एकदम लिहायला बसलं की सगळे आकडे सारखे येतात आणि नोंदीचा जीवच जातो.

मूडचं एक चित्र पुरत नाही. लक्षणागणिक १ ते ६ देता येईल आणि शेवटी तक्ता बाहेर काढता येईल असं काहीही चालेल. कागद चालतोच.

हिशोब कसा करतात ते एका लक्षणावर दाखवते. समजा 'चिडचिड'.

पाळीआधीचे सात दिवस: ३, ४, ४, ५, ५, ६, ५. बेरीज ३२, सरासरी ४.५७.
पाळीचा चौथा ते दहावा दिवस: २, १, १, १, १, २, १. बेरीज ९, सरासरी १.२९.

दोन सरासरींतला फरक ३.२८. आता या व्यक्तीने मोजपट्टीचा किती भाग वापरला ते बघायचं: सगळ्यात मोठा आकडा ६, त्यातून १ वजा, म्हणजे ५. ३.२८ भागिले ५, म्हणजे साधारण ६६ टक्के. सी-पास नावाच्या पद्धतीत ही वाढ किमान ३० टक्के लागते. शिवाय पाळीआधी निदान दोन दिवस ४ किंवा वर आकडा हवा (इथे सहा दिवस आहे) आणि नंतरच्या खिडकीत एकही आकडा ३ च्या वर नको (इथे कमाल २). चिडचिड हे लक्षण बसलं. अशी पाच लक्षणं, त्यांतलं एक तरी मनाचं, आणि हेच दोन चक्रांत.

दिवस मोजताना एक चूक सर्रास होते. नीट रक्तस्राव सुरू होतो तो दिवस १. त्याच्या आधीचा दिवस उणे १. शून्य दिवस नसतो. आणि आदल्या दिवशीचे तपकिरी डाग म्हणजे पहिला दिवस नव्हे.

---

समास

वरच्या उदाहरणात तीनही अटी आहेत हे बरं झालं, कारण पुष्कळ ठिकाणी फक्त ३० टक्क्यांची अट सांगतात आणि तिथेच घोळ होतो. हे आकडे बघा:

पाळीआधी: ५, ५, ६, ५, ६, ५, ६. सरासरी ५.४३.
पाळीनंतर: ४, ४, ३, ४, ४, ४, ३. सरासरी ३.७१.

फरक १.७२, म्हणजे ३४ टक्के. अट पार! पण पाळीनंतरच्या आठवड्यातही पाच दिवस आकडा ४ आहे. लक्षणं मिटलेलीच नाहीत. हा पीएमडीडी नाही, आधीपासून असलेला आजार पाळीआधी वाढतो आहे. त्याला पीएमई म्हणतात. नैराश्य, चिंताविकार, एडीएचडी, अर्धशिशी, दमा, अपस्मार, यांतलं काहीही पाळीआधी उफाळू शकतं.

हा भेद नुसता नावाचा नाही. पीएमईमध्ये मूळ आजाराचा उपचार महिनाभर चालू ठेवावा लागतो, फक्त पाळीआधीच्या पंधरा दिवसांच्या गोळीने भागत नाही. आणि दोन्ही एकत्र असू शकतात, तेव्हा 'मला अमुकच आहे' असा हट्ट नको.

औषधं सुरू होण्याआधी एक प्रश्न विचारला गेलाच पाहिजे, डॉक्टरांनी विचारला नाही तर आपणहून सांगा: झोप तीन-चार तासांवर आली तरी दमणूक नाही, बोलणं आणि विचार सुसाट, खर्च किंवा धाडस बेसुमार, असे सलग काही दिवस कधी आले आहेत का? घरात कोणाला बायपोलर आहे का? बायपोलर असताना नुसतं नैराश्यविरोधी औषध दिलं तर मन दुसऱ्या टोकाला जाऊ शकतं.

हार्मोनच्या गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तेही तक्त्यावर लिहा. ओव्ह्युलेशन दाबलेलं असताना केलेल्या नोंदीवरून पीएमडीडी ठरवणं अवघड जातं.

---

दुपारचं_ऊन

औषधांकडे वळते. मात्रा लिहिते आहे त्या डॉक्टरांशी बोलताना समजावं म्हणून, आपापल्या आपण सुरू करण्यासाठी नाही.

पहिली पसंती एसएसआरआय या नैराश्यविरोधी औषधांच्या गटाला. अमेरिकेच्या एफडीए या औषधनियामक संस्थेने पीएमडीडीसाठी मान्य केलेली तीन: फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन आणि पॅरोक्सेटिनची हळूहळू सुटणारी गोळी. एस्सिटॅलोप्रामही वापरतात. फ्लुऑक्सेटिन साधारण २० मिग्रॅ, सर्ट्रालिन ५० मिग्रॅपासून, कधी २५ पासून.

'मला डिप्रेशन नाही, मग डिप्रेशनची गोळी कशाला' हा हमखास येणारा प्रश्न. नैराश्यात या गोळ्यांना परिणाम दाखवायला काही आठवडे लागतात. पीएमडीडीमध्ये परिणाम काही दिवसांतच दिसू शकतो, बहुधा पहिल्याच चक्रात. म्हणजे इथे काम वेगळ्या वाटेने होतं, ॲलोप्रेग्ननोलोनशी त्याचा संबंध असावा असं मानतात. आणि म्हणूनच गोळी महिनाभर न घेता फक्त ओव्ह्युलेशन ते पाळी एवढीच घेता येते.

आता गडबड होते ती इथे. 'चौदाव्या दिवशी सुरू करा' असं चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. मूळ सूचना आहे, पुढची पाळी अपेक्षित आहे त्याच्या १४ दिवस आधी. २८ दिवसांच्या चक्रात दोन्ही जवळपास एकच. पण २४ दिवसांच्या चक्रात सुरुवात अकराव्या दिवशी हवी; चौदाव्याला केली तर तीन दिवस हातचे गेले, आणि मग 'गोळी लागू पडली नाही' असा शिक्का बसतो. ३५ दिवसांच्या चक्रात सुरुवात बाविसाव्याला. चक्र मागेपुढे होत असेल तर एलएच पट्टीने (ओव्ह्युलेशनआधी वाढणारा एलएच हार्मोन लघवीत दाखवणारी पट्टी) ओव्ह्युलेशन बघा, किंवा सरळ रोज घ्या. पीसीओएस या बीजकोशांच्या विकारात एलएच मुळातच चढं असू शकतं, तिथे पट्टी खोटं 'हो' दाखवते.

थांबवायची पाळी सुरू झाल्यावर, सहसा पहिल्या-दुसऱ्या दिवशी. ज्यांची लक्षणं पाळीच्या तिसऱ्या दिवसापर्यंत रेंगाळतात त्यांनी ते तक्त्यावर दाखवून तेवढे दिवस वाढवून घ्यावेत. सर्ट्रालिन १०० मिग्रॅ लागत असेल आणि अर्धा महिनाच घ्यायचं असेल तर दर खेपेला पहिले तीन दिवस ५० मिग्रॅ घेऊन मग चढवतात.

सुरुवातीला मळमळ, डोकेदुखी, झोपेची गडबड होते. जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी. झोप उडत असेल तर सकाळी, गुंगी येत असेल तर रात्री. लैंगिक इच्छा कमी होणं किंवा परमोच्च क्षण लांबणं हे मात्रेबरोबर वाढतं. याबद्दल कोणी बोलत नाही आणि गोळी गुपचूप बंद होते. त्यापेक्षा डॉक्टरांना सांगा, औषध किंवा मात्रा बदलता येते.

आणि हो, पाळीच्या दुखण्यासाठी आयब्युप्रोफेन किंवा मेफेनामिक ॲसिड घेत असाल तर सांगा. एसएसआरआयबरोबर पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो. ट्रॅमाडॉल आणि सेंट जॉन्स वर्ट तर एसएसआरआयच्या जोडीने नकोच.

---

किनखाप

@दुपारचं_ऊन, एक पुस्ती. अर्धा महिना की पूर्ण महिना, यात मी पूर्ण महिन्याकडे थोडी झुकते. अभ्यासांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२४च्या आढाव्यात रोज घेण्याचा परिणाम बहुधा जास्त, असंच निघालं.

---

दुपारचं_ऊन

मान्य, पण अर्ध्या महिन्यात दुष्परिणामांचे दिवस निम्मे होतात, आणि फार जणी त्याच कारणाने गोळी सोडतात. शिवाय दोन आठवडे घेऊन थांबवल्याने नेहमीचे 'औषध सुटल्याचे' झटके सहसा येत नाहीत. नियमित चक्र असेल तर आधी अर्धा महिना, दोन-तीन चक्रांत पुरेसं वाटलं नाही तर रोज. पाळीनंतरच्या आठवड्यातही तक्त्यावर ३-४ दिसत असतील तर मात्र पहिल्यापासून रोजच.

तक्ता उपचार चालू असतानाही भरायचा, हे राहिलंच. नाहीतर 'बरं वाटतंय बहुतेक' यापलीकडे काही सांगता येत नाही.

---

टाकदऊत

पुढच्या प्रतिसादांआधी हे लिहिते, कारण हा भाग वाचायचा राहून जाऊ नये.

पीएमडीडीमध्ये आत्महत्येचे विचार येतात, आणि ते 'पाळी आली की जातील' म्हणून सोडून द्यायचे नसतात. विचार 'झोपेतून उठूच नये' इतपत असेल तरी तो तक्त्यावर लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. कसं करायचं, केव्हा करायचं असं मनात येत असेल, तर त्याच क्षणी कोणाला तरी जवळ बोलवा, एकटीने राहू नका, हेल्पलाइनला किंवा तातडीच्या सेवेला फोन करा, रुग्णालयात जा. पाळीची वाट बघायची नाही. एसएसआरआय नव्याने सुरू केल्यावरचे पहिले आठवडे, विशेषतः पंचविशीच्या आतल्यांसाठी, जास्त लक्ष ठेवण्याचे.

बऱ्या आठवड्यात एक कार्ड लिहून ठेवा. कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. वर स्वतःची धोक्याची खूण, ठोस शब्दांत: 'सगळ्यांचे फोन कापायला लागले', 'रात्री दोनपर्यंत जागी'. खाली दोन माणसांचे नंबर, त्यांना आधी विचारून घेतलेले. त्याखाली हेल्पलाइन आणि डॉक्टर. औषधांचा मोठा साठा घरात नको, असेल तर दुसऱ्या माणसाच्या ताब्यात. वाईट आठवड्यात शोधाशोध करण्याचं त्राण नसतं, म्हणून कार्ड आधी.

---

मोरपंखी_शाई

गर्भनिरोधक गोळ्यांबद्दल. 'हार्मोन्स आहेत, म्हणजे उपयोग होईलच' असं नाही, आणि 'हार्मोन्स आहेत, म्हणजे बिघडेलच' असंही नाही. गोळी कुठली, यावर आहे.

एफडीएची पीएमडीडीसाठी मान्यता आहे ती ड्रोस्पिरेनोन ३ मिग्रॅ आणि इथिनाइल इस्ट्राडायॉल २० मायक्रोग्रॅम या जोडीला, २४ औषधी आणि ४ कोऱ्या गोळ्यांच्या पाकिटात. हेच ड्रोस्पिरेनोन २१-७ च्या पाकिटातही मिळतं, पण त्यात इस्ट्रोजेन सहसा ३० मायक्रोग्रॅम असतं आणि सात दिवसांच्या खंडात बीजकोश पुन्हा हलायला लागतात. पाकीट हातात घेऊन गोळ्या मोजा, नावावर जाऊ नका. काही डॉक्टर कोऱ्या गोळ्या गाळून सलग घ्यायला सांगतात. मग सुरुवातीचे काही महिने अवेळी डाग पडतात, ते अपेक्षितच आहे.

कोणाला नको: रक्ताची गुठळी झालेली असेल, डोळ्यांपुढे झगमग दिसणारी अर्धशिशी असेल, पस्तिशीनंतर धूम्रपान असेल, रक्तदाब ताब्यात नसेल. ड्रोस्पिरेनोन पोटॅशियम वाढवतं, त्यामुळे मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा स्पायरोनोलॅक्टोन, रक्तदाबाच्या काही गोळ्या, पोटॅशियमच्या पुड्या चालू असतील तर आधी सांगा.

फक्त प्रोजेस्टिन असलेल्या गोळ्या आणि इंजेक्शनांनी काहींचा मूड बिघडतो. लेव्होनॉर्जेस्ट्रेलची गर्भाशयातली तांबी-सदृश साधनं रक्तस्राव कमी करतात, पण बहुतेकदा ओव्ह्युलेशन चालूच राहतं, म्हणून पाळी बंद झाली तरी पीएमडीडी चालू राहू शकतो. आणि पाळीच नसल्याने तो ओळखताही येत नाही. पाळीआधी नुसतं प्रोजेस्टेरॉन देण्याची जुनी पद्धत अजून दिसते. तिला पुराव्याचा आधार मिळालेला नाही.

---

कातळशिल्प

गोळ्या नको असणाऱ्यांसाठी, किंवा जोडीला.

कॅल्शियम: १९९८च्या एका मोठ्या चाचणीत रोज १२०० मिग्रॅ कॅल्शियमने पीएमएसची लक्षणं सुमारे ४८ टक्के कमी झाली, तर खोट्या गोळीने ३० टक्के. म्हणजे फायदा आहे, पण नुसता ४८ चा आकडा बघून भुलू नका. ही चाचणी पीएमएसची होती, पीएमडीडीची नव्हे. परिणाम तिसऱ्या चक्रात दिसला, महिन्याभरात सोडू नये.

पाकिटावर काय लिहिलंय ते नीट वाचा. कॅल्शियम कार्बोनेटमध्ये खरं कॅल्शियम ४० टक्के. १२५० मिग्रॅ कार्बोनेटची गोळी म्हणजे ५०० मिग्रॅ कॅल्शियम. एका वेळी ५००-६०० च्या वर शरीर नीट शोषत नाही, म्हणून दोनदा विभागून, कार्बोनेट असेल तर जेवणाबरोबर. थायरॉइडच्या गोळीपासून चार तासांचं अंतर, लोहाच्या गोळीपासूनही लांब. आहारातून मिळणारं धरून हिशोब करा. मूतखडे झालेले असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

बी६: पुरावा कच्चा. दीर्घकाळ मोठ्या मात्रेने हातापायांना मुंग्या येतात, नसांना इजा होते. मल्टिव्हिटॅमिन आणि 'पीएमएस स्पेशल' कॅप्सूल दोन्हीत बी६ असतं आणि नकळत बेरीज वाढते. प्रिमरोज तेल मनाच्या लक्षणांसाठी घेण्यात अर्थ नाही.

व्यायाम, झोपेची वेळ, कॅफिन आणि दारू कमी करणं, हे सगळं उपयोगी आहे, पण तीव्र पीएमडीडी एवढ्यावर आवरत नाही. 'जरा फिरायला जात जा' हा सल्ला म्हणजे मोडलेल्या पायावर लेप.

---

समास

सीबीटीचाही उल्लेख हवा. वर्तन-विचार उपचाराने त्रासाचा कामावर आणि नात्यांवर होणारा परिणाम कमी होतो, आणि तो गोळीबरोबर चालतो. यात काम करायचं ते बऱ्या दोन आठवड्यांत, आणि वापरायचं वाईट दोन आठवड्यांत. भेटी फक्त वाईट दिवसांत ठेवल्या की प्रत्येक तास आग विझवण्यात जातो.

घरातल्यांसाठी: भांडणाच्या मध्यात 'पाळी जवळ आलीये वाटतं' हे वाक्य वर्ज्य. खरं असलं तरी. त्याऐवजी आधी ठरवलेला एक शब्द ठेवा, तो कोणीही उच्चारला की विषय चार दिवसांनी. मात्र चार दिवसांनी तो विषय खरंच काढायचा. बऱ्याचदा तक्रार खरी असते, तिचा आवाज तेवढा त्या आठवड्यात वाढलेला असतो. राजीनामा, घटस्फोट, मोठी खरेदी यांसाठीही हाच नियम: मनात आलं तर लिहून ठेवा, निर्णय पाळीच्या सहाव्या दिवशी.

---

अर्धविराम

आणि यातलं काहीच लागू पडलं नाही तर? थेट ऑपरेशन?

---

मोरपंखी_शाई

थेट नाही. मधे एक पायरी आहे, आणि ती गाळणाऱ्या डॉक्टरांकडे दुसरं मत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आधी बघायचं की 'लागू पडलं नाही' हे खरं आहे का. दोन वेगळे एसएसआरआय, पुरेशी मात्रा, प्रत्येकी दोन-तीन चक्रं, योग्य दिवशी सुरुवात. तक्ता पुन्हा तपासा, पीएमई नजरेतून सुटला नाही ना.

मग जीएनआरएच ॲनालॉग. ल्युप्रोलाइड ३.७५ मिग्रॅ दर २८ दिवसांनी, इंजेक्शन. याने बीजकोशांचं चक्र थांबतं, तात्पुरती रजोनिवृत्ती येते. पहिले दोन-तीन आठवडे उलट हार्मोन वाढतात आणि लक्षणं भडकू शकतात. हे माहीत नसलं की पहिल्याच इंजेक्शननंतर माघार घेतली जाते. नंतर गरम वाफा, कोरडेपणा, आणि हाडांची झीज. सहा महिन्यांच्या पुढे न्यायचं तर जोडीला थोडं इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन देतात आणि हाडांची घनता मोजतात.

जोडीचं औषध सुरू केल्यावर पहिल्या महिन्यात लक्षणं परत येऊ शकतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की त्रास होतो तो पातळी बदलताना, स्थिर झाल्यावर नाही. म्हणजे महिना-दोन महिने धीर धरायला हवा. 'हार्मोन दिलं की बिघडतंय' म्हणून आठ दिवसांत बंद केलं तर हातचा उपाय जातो.

शस्त्रक्रिया अगदी शेवटी, आणि जीएनआरएचने आराम पडतो हे काही महिने बघून झाल्यावरच. दोन्ही बीजकोश काढतात. सोबत गर्भाशय का, असं विचारलं जातं. गर्भाशय ठेवलं तर इस्ट्रोजेनबरोबर त्याच्या अस्तरासाठी प्रोजेस्टेरॉन द्यावं लागतं, आणि त्यानेच लक्षणं परतू शकतात. उलट नुसतं गर्भाशय काढून बीजकोश ठेवले तर पाळी जाते, पीएमडीडी तसाच. ही चूक झाली की ती मागे घेता येत नाही.

---

अर्धविराम

मग गर्भाशय आधीच काढलेलं असेल, बीजकोश आहेत, आणि त्रास होतोय, तर तक्त्यात पहिला दिवस कुठला धरायचा? रक्तस्रावाची खूणच नाही.

---

टाकदऊत

तापमानाने. सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातून उठण्याआधी, रोज त्याच वेळी तोंडात थर्मामीटर. दोन दशांश घरं दाखवणारा घ्या, साध्या तापाच्या थर्मामीटरवर फरक पकडणं कठीण. ओव्ह्युलेशननंतर तापमान साधारण ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने चढतं आणि पुढची पाळी आली असती तेव्हा उतरतं. तीन दिवस सलग वर राहिलं तर चढ खरा धरायचा. उतरलेला पहिला दिवस तक्त्यावर दिवस १.

रात्रपाळी, ताप, उशिरापर्यंत जागरण, दारू यांनी आकडे बिघडतात, त्या दिवशी बाजूला फुली मारा. जोडीला एलएच पट्टी वापरली तर दोन्हींचा मेळ बसतो. इथे दोनाऐवजी तीन चक्रं नोंदवा.